शतावरीची पुडी आणि वऱ्हाडातली गव्हाण

अकोट असो, दर्यापूर असो की मूर्तिजापूर, बाजाराच्या दिवशी पशुखाद्याच्या दुकानात डोकावले तर ढेपेच्या पोत्यांच्या वरच्या फळीवर रंगीत पुड्यांची आणि बाटल्यांची रांग हमखास दिसते. वेष्टनावर भरल्या कासेच्या गाईचे चित्र असते, एखाद्या ऋषीचेही असते आणि 'संपूर्ण आयुर्वेदिक' हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. आत काय आहे याची यादी बारीक टायपात दिलेली असते. तिच्यात पहिले नाव बहुधा शतावरीचे असते, मग जिवंती, मेथी, शेपा, अश्वगंधा. म्हैस व्याली की शेतकरी ढेपेबरोबर एक पुडी घेतो. दूध वाढले तर श्रेय पुडीचे. वाढले नाही तर दोष म्हशीचा किंवा नशिबाचा. पुडीला मात्र कोणी जाब विचारीत नाही.

हा जाब विचारणे आवश्यक आहे आणि तो आयुर्वेदाविषयी आस्था असणाऱ्यांनीच प्रथम विचारला पाहिजे. आजवर या विषयात दोन टोकाच्या वृत्ती दिसत आल्या. एक वर्ग 'झाडपाला' म्हणून नाक मुरडतो, दुसरा 'आपल्या पूर्वजांनी सांगितले आहे' एवढ्यावर समाधान मानतो. पहिल्याने मूळ तपासले नाही, दुसऱ्याने ग्रंथ उघडला नाही. दोघांच्या या आळसाची किंमत देतो तो खारपाणपट्ट्यातला दोन म्हशींचा मालक.

प्रथम वनस्पती पाहू. शतावरी हे काटेरी, आधार मिळाला की वेलीसारखे चढणारे झुडूप आहे. शास्त्रीय नाव ॲस्परॅगस रॅसिमोसस. सातपुड्याच्या उतारांवर, मेळघाटच्या पानझडी जंगलात आणि क्वचित जुन्या बांधांच्या कुंपणातही ते आढळते. पावसाळ्यात सुईसारख्या हिरव्या पालवीने ते भरून येते, पुढे बारीक, पांढरी, सुवासिक फुले लागतात. उपयोगाचा भाग जमिनीखाली असतो. पांढुरक्या, मांसल मुळ्यांचा मोठा झुबका खोडाच्या तळाशी असतो. 'शतमुळी' हे नाव त्यावरूनच पडले. या मुळ्यांतील महत्त्वाची द्रव्ये म्हणजे सॅपोनिन. रिठ्याला फेस आणणारे द्रव्य याच कुळातले. शतावरीतील सॅपोनिनांना रसायनशास्त्रज्ञांनी 'शतावरिन' असेच नाव दिले आहे. आपल्या वनस्पतीचे नाव जगाच्या रसायनशास्त्रात असे रूढ झाले, ही आनंदाची गोष्ट खरी. पण नाव रूढ झाले म्हणजे गुण सिद्ध झाला असे होत नाही.

ग्रंथांकडे वळले तर अनेकांना आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट आढळते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधींचे दहा-दहांचे गण दिले आहेत. त्यांपैकी दूध निर्माण करणाऱ्या, म्हणजे 'स्तन्यजनन' गणात शतावरीचे नाव नाही! तिथे आहेत वाळा, साळी, साठेसाळी, दर्भ, कुश, काश अशा गवतवर्गीय वनस्पती. शतावरी 'अतिरसा' या नावाने येते ती बल देणाऱ्या आणि वय टिकविणाऱ्या द्रव्यांत. दुधासाठी शतावरी हा संकेत पुढच्या काळात दृढ झाला. निघंटूंनी आणि वैद्यपरंपरेने तो पुष्ट केला. म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र 'चरकांनी सांगितलेले दुग्धवर्धक' असे पुडीवर छापणाऱ्याने चरक वाचलेला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

जनावरांच्या वैद्यकाची तर आपल्याकडे स्वतंत्र परंपरा होती. शालिहोत्राचे अश्ववैद्यक, अंगदेशाचा राजा रोमपाद याला पालकाप्याने सांगितलेला हस्त्यायुर्वेद ही नावे सर्वपरिचित आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील गोऽध्यक्षाचे प्रकरण तेवढे वाचले जात नाही. त्यात बैलांच्या आहाराचे तपशील आहेत: गवत किती, घाण्याची ढेप किती, कोंडा किती, मीठ किती, आणि प्रत्येकाचे माप दिलेले. परंपरेचा गौरव करायचा तर तो या मापाचा केला पाहिजे. मोघम गुणगान ही त्या ग्रंथकाराची रीत नव्हती.

आता आधुनिक तपासणीचा भाग. शतावरी आणि दूध यांचा संबंध प्रयोगाने पाहण्याचा प्रयत्न नवा नाही. १९६९ साली, म्हणजे ज्या वर्षी अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, 'इंडियन व्हेटरनरी जर्नल'मध्ये पटेल आणि कानिटकर या संशोधकांचा म्हशींवरील शतावरीच्या प्रयोगाचा लेख प्रसिद्ध झाला होता. पुढे करनालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत संकरित गाईंवर प्रयोग झाले आणि दूध व रोगप्रतिकारशक्ती या दोन्हींवर अनुकूल परिणाम नोंदविले गेले. अशा प्रयोगांत शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १०० मिलिग्रॅम चूर्ण असे प्रमाण घेतलेले आढळते. चारशे किलोच्या म्हशीला हे रोजचे ४० ग्रॅम झाले. पुडीतल्या दहा घटकांत शतावरी एक असेल आणि पुडीच पन्नास ग्रॅमची असेल, तर म्हशीच्या पोटात किती शतावरी गेली याचा हिशेब कोणालाही करता येईल.

दुसरी बाजूही आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. ज्या मातांना दूध कमी येत होते त्यांच्यावर शतावरीची चाचणी घेण्यात आली, तिचे निष्कर्ष १९९६ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये आले. औषध घेणाऱ्या आणि औषधासारखी दिसणारी निर्गुण मात्रा घेणाऱ्या अशा दोन गटांत फरक आढळला नाही. २०११ साली साठ मातांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत मात्र शतावरी घेणाऱ्या गटात प्रोलॅक्टिन या दुग्धप्रेरक संप्रेरकाची वाढ दुसऱ्या गटाच्या तिपटीच्या आसपास भरली. एक चाचणी 'नाही' म्हणते, एक 'होय' म्हणते. अशा वेळी आपल्या पसंतीची तेवढी चाचणी उचलायची आणि दुसरी गाडून टाकायची, हा वकिलाचा मार्ग झाला, वैद्याचा नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २००६ साली शतावरीच्या मुळांच्या मद्यार्कात काढलेल्या अर्काची गाभण उंदरांवर चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात गर्भ जिरण्याचे प्रमाण वाढले आणि पिल्लांत दोष आढळले. उंदीर म्हणजे म्हैस नव्हे, आणि मिथेनॉलने काढलेला अर्क म्हणजे साधे वाळवून दळलेले चूर्ण नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा हा सूक्ष्म जीवांनी भरलेला रांजणच असतो. तिथे सॅपोनिनचे काय होते आणि आतड्यापर्यंत काय पोहोचते, हा वेगळा विषय आहे. तेव्हा या एका चाचणीवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु पुडीवर 'गाभण जनावरांस निर्धोक' असे बेधडक छापण्याचेही कारण नाही. आज दुकानात तर चूर्ण, जलीय अर्क आणि मद्यार्क यांत भेद न करता सारेच 'शतावरी' या एका नावाने विकले जाते. अर्कात द्रव्य कितीतरी पट घट्ट असू शकते. ज्या चमच्याने चूर्ण द्यायचे त्याच चमच्याने अर्क दिला तर काय होईल, हे विकणाराही सांगू शकत नाही.

मग शेतकऱ्यांचा अनुभव खोटा का? हजारो जण पुडी घेतात ते काय उगाच? या प्रश्नाचे उत्तर गोठ्यातच आहे. म्हैस किंवा गाय व्याल्यावर तिचे दूध दीड-दोन महिने आपोआप चढत जाते आणि मग हळूहळू उतरू लागते. पुडी नेमकी व्याल्याबरोबर सुरू होते. त्याच दिवसांत घरधनीण जनावराला गूळ, पीठ, अळीव, बाजरी असे काही ना काही चारते. ढेपही वाढविली जाते. दूध चढते ते या सर्वांमुळे आणि निसर्गक्रमाने. त्यातला पुडीचा वाटा किती, हे एका म्हशीवरून कधीच कळणार नाही. त्यासाठी वीस-वीस म्हशींचे दोन गट हवेत, सारख्या वेताचे, सारख्या दिवसांचे, सारख्या वैरणीवर असलेले. एका गटाला शतावरी आणि दुसऱ्याला तशाच पुडीत निव्वळ कोंडा. दूध काढणाऱ्यालाही कोणती पुडी कोणाची हे ठाऊक नसावे. लिटर मोजावेत, फॅट मोजावे, पारड्यांची वजने घ्यावीत आणि जनावर पुन्हा माजावर कधी आले तेही लिहावे. यात परकीय असे काहीही नाही. मापाचा आग्रह कौटिल्याचाही होता.

वऱ्हाडाच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. एकेकाळी येथील शेतात ज्वारी होती आणि ज्वारीबरोबर कडबा होता. कापूस आणि सोयाबीनने ज्वारीला मागे सारले आणि कडब्याचा दुष्काळ पडला. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार मिळते, पण त्याने पोट भरते, कास भरत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूगर्भातले पाणीच खारे. जनावर तेच पिते. अशा परिस्थितीत तगून राहिलेली फिकट, भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस आज देशाच्या नोंदणीकृत जातींत समाविष्ट आहे. बेरारी शेळीलाही ती मान्यता मिळाली आहे. या जनावरांचे मोल दुधाच्या आकड्यापेक्षा चिवटपणात अधिक आहे, हे इथला गुराखी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. शासनाला ते उमगायला फार वेळ लागला.

२००६ च्या जुलैतील पंतप्रधान मनमोहनसिंग यांचा विदर्भ दौरा आठवावा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तिच्यात दुभती जनावरे देण्याचाही कार्यक्रम होता. अधिक दुधाच्या संकरित गाई कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात बांधल्या गेल्या. गाय आली, तिचा हिरवा चारा आला नाही, तिला लागणारे पाणी आले नाही, तिचे दूध घेणारी व्यवस्थाही बऱ्याच ठिकाणी आली नाही. तिच्या खाण्याचा रोजचा खर्च घरातल्या माणसांच्या खर्चाहून अधिक, अशी तक्रार गावोगाव ऐकू आली. अनेकांनी त्या गाई परत केल्या किंवा विकून टाकल्या. योजना आखणाऱ्यांनी गव्हाणीचा विचार केला नव्हता.

पुडी विकणारे नेमके याच पोकळीत शिरले. चारा देता येत नाही, खनिजमिश्रण महाग वाटते, पण पुडी परवडते आणि तिच्यावर देवधर्माचा, परंपरेचा शिक्का असतो. वास्तविक उपाशी जनावराला शतावरी दिली म्हणजे रिकाम्या चुलीवर फोडणी घालण्यासारखे आहे. ज्या प्रयोगांत शतावरीचा गुण दिसला त्यांतील जनावरांना समतोल आहार मिळत होता. कुटारावर जगणाऱ्या म्हशीत तो दिसेलच असे धरून चालता येत नाही. कदाचित दिसेलही; पण तिच्यावर प्रयोग झाल्याखेरीज तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

कायद्याची बाजूही विचित्र आहे. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत माणसाबरोबर जनावरांचाही समावेश आहे. म्हणजे औषध म्हणून विकायचे तर परवाना हवा. पण वेष्टनावर 'पूरक खाद्य' असे शब्द टाकले की तीच भुकटी ढेपेच्या शेजारी जाऊन बसते आणि तपासणी ढिली पडते. संयुक्त पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २०५२ हे मानक आहे. त्यात प्रथिने, स्निग्धांश, तंतू यांचा विचार होतो. शतावरीत शतावरिन किती, हे त्याने कळत नाही. बाजारात येणाऱ्या मुळ्यांत त्याच कुळातल्या दुसऱ्या जातींची भेसळ होते, हे या व्यापारातले लोक खासगीत मान्य करतात. दुधात पाणी घातले तर गवळ्याला पकडतात. मग गवळ्याच्या म्हशीला दिल्या जाणाऱ्या पुडीत काय घातले आहे, ते कोणी पाहायचे?

इतके सांगून झाल्यावर कोणी म्हणेल, मग सोडून द्या ही शतावरी. तसे मुळीच नाही. वनौषधींची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. दूध उतरावे म्हणून ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचा अघोरी प्रकार वर्षानुवर्षे चालला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा उपायांना मनाई केली असतानाही तो चालला. २०१८ साली केंद्राने त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी आणली, ती त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरविली, कारण तेच औषध प्रसूत स्त्रियांचे प्राण वाचविते. कुक्कुटपालनात, आणि अमरावतीच्या परिसरात हा व्यवसाय चांगला रुजलेला आहे, कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून प्रतिजैविके खाद्यातून देण्याची चाल पडली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती पूर्णपणे बंद केली. आपल्याकडे कोलिस्टिन हे माणसासाठी राखीव ठेवावे असे अखेरचे प्रतिजैविक जनावरांच्या खाद्यातून हटवायला २०१९ साल उजाडले. जनावराला दिलेले औषध जनावरापुरते राहत नाही, हे गिधाडांनी आपल्याला शिकविले आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन त्यांचे थवेच्या थवे नाहीसे झाले, तेव्हा कोठे २००६ मध्ये त्या औषधावर पशुवैद्यकात बंदी आली. या सर्वाला देशी, सौम्य आणि शेतकऱ्याच्या बांधावर उगवणारा पर्याय हवाच आहे. शतावरी, अश्वगंधा, कडुनिंब, अडुळसा यांपैकी एखादा जरी कसोटीला उतरला, तर त्याचा लाभ गोठ्यापासून ताटापर्यंत पोहोचेल.

म्हणून तर कसोटी टाळता कामा नये. साधने वऱ्हाडातच आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. त्याच शहरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. एकाकडे मुळ्या, दुसऱ्याकडे जनावरे आणि प्रयोगशाळा. मध्ये अंतर असले तर ते कागदपत्रांचे आहे. वनौषधी आणि पशुआहार यांवर विद्यार्थी प्रबंध लिहितात, पदव्या मिळतात आणि इंग्रजीतील ते प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात विसावतात. ज्या शेतकऱ्याच्या म्हशीसाठी हे सारे, त्याला मराठीत दोन पानांचे पत्रक तरी मिळाले पाहिजे: अमुक चूर्ण, अमुक प्रमाणात, अमुक दिवस दिले, दूध इतके वाढले किंवा वाढले नाही. 'वाढले नाही' हेही छापले पाहिजे. गावोगावच्या गोरक्षण संस्थांकडे देशी जनावरांचे मोठे कळप आहेत. गोसेवेचे व्रत घेतलेल्या या संस्थांनी आपल्या गोठ्यांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अशा नोंदी ठेवल्या, तर ती सेवा गोग्रासाहून कमी प्रतीची मानता येणार नाही.

आणि समजा, शतावरी कसोटीला उतरली. मग मुळ्या आणायच्या कोठून? सोपे उत्तर मेळघाट. हे उत्तर धोक्याचे आहे. मूळ उपटले की झुडूप संपते. पान किंवा फळ तोडण्यासारखे ते नव्हे. व्यापाऱ्याने भाव वाढविला की जंगलात कुदळी फिरतात आणि खणणाऱ्या कोरकू मजुराच्या हाती मजुरीपलीकडे काही पडत नाही. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने याहून वेगळी वाट दाखविली आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने उजाड जंगल राखले, सीताफळाची विक्री स्वतःच्या हाती घेतली आणि २०१४ साली जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान मिळविला. शतावरीची लागवड आणि वाटपाचे नियम अशाच ग्रामसभांच्या हाती असले, तर जंगलही राहील आणि पैसाही गावात राहील.

शेतातील लागवडीचा विचार करताना मुसळीची आठवण ठेवलेली बरी. सफेद मुसळीची लाट आली तेव्हा सोन्याचा भाव मिळेल या आशेने पुष्कळांनी बियाण्याचे कंद महागड्या दराने घेतले. पीक हाती आले तोवर खरेदीची हमी देणारे दिसेनासे झाले आणि भाव कोसळला. त्या व्यवहारात खरे उत्पन्न कंद विकणाऱ्याचे झाले. शतावरीची रोपे विकणारेही आता 'हमखास खरेदी'च्या जाहिराती घेऊन फिरू लागले आहेत. पावसाळ्याच्या आरंभी लावलेल्या रोपाच्या मुळ्या खणण्याजोग्या व्हायला दीड ते दोन वर्षे लागतात, त्या सोलून वाळविल्यावर वजन कितीतरी घटते आणि तोवर ते शेत दुसरे पीक देत नाही. एकरभर लावण्यापूर्वी गोठ्यामागच्या कुंपणाला पाच-पंचवीस रोपे लावून पाहणे शहाणपणाचे ठरेल. काटेरी असल्याने कुंपणही होईल, घरच्या म्हशीपुरते चूर्णही निघेल आणि त्यात काय मिसळले आहे, याची शंका तरी उरणार नाही.